काटा मध्यावर होता

गाडी पहिल्यांदा तापली तेव्हा ती धावत नव्हती, नुसती उभी होती. उन्हाळ्यातली दुपार होती, समोर वाहनांची न हलणारी रांग होती, आणि बॉनेटच्या कडेतून आधी वास आला, मग वाफ. कूलंटचा तो गोडसर, किंचित तेलकट वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मात्र त्या क्षणापर्यंत अगदी मध्यावर स्वस्थ उभा होता, आणि वाफ दिसू लागल्यावर एकाएकी तांबड्या पट्ट्याकडे धावला. तीन महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस खर्चून, हौसेने आणि बऱ्यापैकी अभिमानाने ज्या इंजिनाची ताकद मी वाढवली होती, ते रस्त्याच्या कडेला बंद करून मी बॉनेटपासून चार हात लांब उभा राहिलो. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडायचे नसते, एवढे शहाणपण शाबूत होते. बाकीचे यायला पुढचे दोन महिने लागले.

गाडी तशी साधी होती. चार सिलिंडर, १६०० सीसी, पेट्रोल, मुळात ७५ किलोवॉटची, म्हणजे साधारण १०० अश्वशक्तीची. तिला मी टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, बसवला. टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा थंड व्हावी म्हणून रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर लावला. एक्झॉस्ट मोठा केला. ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, मॅपिंग (इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची याचे तक्ते) बदलून घेतले. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, बेल्ट फिरवणारी मूळच्यापेक्षा लहान आणि हलकी पुली चढवली. आणि टर्बोच्या पाइपांना जागा हवी म्हणून मूळचा एक मोठा पंखा काढून त्याच्या जागी दोन सडपातळ पंखे बसवले. मोजली तेव्हा ताकद ११० किलोवॉटच्या आसपास भरली. या सगळ्या उलाढालीत इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेसाठी मी काय केले, असे कोणी विचारले असते, तर 'नवे कूलंट भरले' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हते.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी हिस्सा प्रत्यक्ष कामाला येतो, साधारण तेवढाच एक्झॉस्टमधून निघून जातो, आणि उरलेल्यातला मोठा भाग सिलिंडरच्या भिंतींतून आणि त्यांच्या वर बसणाऱ्या हेडमधून पाण्यात उतरतो. हा हिशेब फार काटेकोर नाही, पण त्यावरून एक उपयोगी अंदाज निघतो: इंजिन पूर्ण जोराने जितके किलोवॉट काम करते, जवळपास तितकीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. म्हणजे मी ३५ किलोवॉटची ताकद वाढवली, तेव्हा न मागता ३५ किलोवॉटची उष्णताही घरात घेतली होती. पाणी तापवणारे दोन-दोन किलोवॉटचे सतरा-अठरा हीटर बॉनेटखाली एकदम चालू करावेत, तसे ते झाले, आणि रेडिएटर मात्र ७५ किलोवॉटच्या गाडीचाच राहिला.

वाफ निघाल्याच्या रात्री मी हा सगळा हिशेब मांडला आणि आपल्याला दुखण्याचे मूळ सापडले अशा समाधानात झोपलो. त्या हिशेबातली एक गोष्ट डोळ्यांसमोर असूनही मला दिसली नाही. गाडी तापली ती उभी असताना. उभ्या गाडीचे इंजिन ११० किलोवॉट काढत नसते, ते नुसते स्वतःला फिरते ठेवत असते. टर्बो त्या वेळी असून नसल्यासारखाच असतो आणि पाण्यात उतरणारी उष्णता जवळपास पूर्वीइतकीच असते. वाढलेल्या ताकदीमुळे ती त्या दुपारी तापलीच नव्हती. पण माणसाला एखादे कारण पटले, की ते कारण प्रस्तुत प्रसंगाला लागू आहे का, हे तपासायचे राहून जाते. मी दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट बदलला.

थर्मोस्टॅटविषयी इतके गैरसमज आहेत, आणि त्यातले बहुतेक मी स्वतः बाळगून होतो, की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. ते ठरावीक तापमानाला वितळून फुगते आणि झडप उघडते, मग इंजिनातले पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. माझ्या गाडीत ही झडप ८८ अंशांना उघडू लागायची. मी ७६ अंशांना उघडणारी बसवली, कारण बारा अंश आधी उघडली तर गाडी बारा अंश थंड राहील असे मला वाटले. प्रत्यक्षात गाडी पूर्वी जिथे पोहोचायची तिथेच पोहोचली, फक्त पोहोचायला काही मिनिटे जास्त लागली. थर्मोस्टॅट इंजिनाला किती खाली जाऊ द्यायचे ते ठरवतो. वर किती जाईल ते रेडिएटर, पंप आणि हवा ठरवतात. झडप पूर्ण उघडली की त्याचे काम संपते. उलट थंडाव्यात इंजिन ७६ अंशांवरच रेंगाळू लागले, आणि ईसीयू ते अजून गरम व्हायचे आहे असे समजून पेट्रोल जास्त सोडू लागला, तो तोटा वेगळाच.

'मग थर्मोस्टॅट काढूनच टाका' असा सल्ला देणारेही भेटले. काही इंजिनांत झडप पूर्ण उघडताना तिच्या मागची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, मार्ग बंद करते. थर्मोस्टॅट काढला, की तो मार्ग कायमचा मोकळा राहतो, आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरचे तोंड न बघता पुन्हा इंजिनात शिरतो. माझे इंजिन त्याच जातीचे होते. हे आधी वाचनात आले म्हणून वाचलो.

काट्याने मला फसवले होते, हे त्याच आठवड्यात कळले. ईसीयूच्या सॉकेटला, म्हणजे ओबीडी पोर्टला, एक छोटे उपकरण जोडून मी पाण्याचे खरे तापमान आकड्यांत वाचू लागलो. आकडा ७८ असताना काटा मध्यावर, ९० असताना मध्यावर, १०३ असतानाही मध्यावरच. अनेक गाड्यांत तो मुद्दाम तसा बसवलेला असतो. पाण्याचे तापमान चढावर चार अंश वाढते, उतारावर कमी होते, आणि तेवढ्याने चालवणाऱ्याने घाबरून गाडी दुरुस्तीला आणू नये म्हणून मधला बराच मोठा पट्टा एकाच जागी दाखवला जातो. मूळच्या गाडीसाठी ही सोय ठीक आहे. ज्याने इंजिनात हात घातला आहे, त्याच्यासाठी मात्र असा काटा म्हणजे 'सगळं ठीक आहे' एवढेच बोलायला शिकवलेला पोपट. (आणि पाणी खूपच कमी झाले, सेन्सर वाफेत लोंबकळू लागला, तर गाडी जळायच्या बेताला आलेली असताना काटा खाली उतरू शकतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.)

शेवटी मी एका वयस्कर मेकॅनिकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी माझ्यापुढे कागद सरकवला. "गाडीला काय काय लावलं, ते लावलं त्या क्रमाने लिहा. आणि त्यासाठी काय काय काढलं, ते शेजारी लिहा." पहिला रकाना मी झरझर भरला. दुसऱ्यापाशी अडलो. मूळचा पंखा काढला, हे आठवले. त्याच्याबरोबर त्याचा श्राउड, म्हणजे रेडिएटरच्या सबंध पाठीवर बसणारे ते प्लॅस्टिकचे खोके, हेही गेले होते. इंटरकूलरच्या पाइपांसाठी रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या होत्या. टर्बोच्या तेलाच्या नळीसाठी इंजिनाखालचा पत्रा काढला होता. मूळची पुली काढली होती. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "तुम्ही लावलेल्याचा हिशेब ठेवलात. गाडी तापते आहे ती काढलेल्यामुळे. आणि हे बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बरी कशाने झाली तेही कळणार नाही."

त्यांनी पहिल्यांदा झाकण तपासले, कारण ते सर्वांत सोपे होते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या सुमाराला उकळते, १.१ बारचे झाकण धड असेल, तर तेच १२५ अंशांच्या पुढे जाते. माझे झाकण १.१ ऐवजी अर्ध्या बारलाच दाब सोडत होते. म्हणजे वाफ निघाली त्यात झाकणाचा हात होता, पण तापमान चढले ते दुसऱ्याच कशाने. झाकण बदलले. गाडी आता वाफ न काढता तापू लागली.

मग त्यांनी इंजिन चालू करायला सांगितले, आकडा ९६ वर जाऊन पंखे सुरू होईपर्यंत थांबले, आणि वहीचे एक पान फाडून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरले. डाव्या पंख्यासमोर पान चटकन जाळीला जाऊन चिकटले. उजव्या पंख्यासमोर नेले, तर ते फडफडत माझ्याकडे उडाले. दोन्ही पंखे फिरत होते. ते फिरताहेत हे मी स्वतः दहा वेळा पाहिले होते. उजवा उलटा फिरत होता. त्या संचातल्या दोन मोटरींच्या तारांचे रंग वेगवेगळे होते, आणि कोणती तार धन, कोणती ऋण, हे मी एका मोटरीवरून दुसरीचे गृहीत धरले होते. साध्या डीसी मोटरीला तारा उलट्या जोडल्या, तर ती तक्रार करत नाही. तितक्याच उत्साहाने उलटी फिरते. डावा पंखा बाहेरची हवा रेडिएटरमधून आत ओढत होता, उजवा इंजिनाजवळची तापलेली हवा रेडिएटरमधूनच पुढे ढकलत होता, आणि तीच हवा वळून पुन्हा डाव्याच्या तोंडी जात होती. उभ्या गाडीच्या नाकापाशी गरम हवेचे एक लहानसे रिंगण तयार झाले होते, आणि ते माझ्या हातचे होते.

तारा बदलायला दहा मिनिटे लागली. त्यानंतर गाडी त्याच रांगेत, तशाच उन्हात अर्धा तास उभी केली, तर आकडा ९१ आणि ९७ यांच्यामध्ये वरखाली होत राहिला. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे 'एका वेळी एक' हे वाक्य विसरून दुखणे संपले असे धरून चाललो. पुढच्याच रविवारी मोठ्या रस्त्यावर, १०० च्या वेगाला, आकडा १०६ वर गेला.

उभ्या गाडीचे तापणे आणि धावत्या गाडीचे तापणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे मला तेव्हा नीट समजले. उभी असताना तापते आणि वेग घेतल्यावर निवते, ती गाडी पंख्याकडे बोट दाखवते, कारण वेगात हवा आपण होऊन आत शिरते आणि पंख्याची गरजच उरत नाही. उलट उभी असताना शांत आणि वेगात किंवा चढावर तापते, तेव्हा रेडिएटर, पंप, आत दबून बसलेला रबरी होज पाइप, हवेचा मार्ग, इंजिनातले जळण यांच्याकडे बघावे लागते. आणि हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधली फट बंद करणाऱ्या पातळ थराकडे. त्या नावाने माझ्या पोटात गोळा आला. टर्बोच्या वाढलेल्या दाबाने हेड केसभर उचलले जात असेल, तर सिलिंडरमधला तप्त वायू पाण्याच्या वाटेत घुसतो, पाण्यात बुडबुडे होतात, आणि वायू असलेल्या जागी पाणी धातूला शिवतच नाही. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापून वाकले, तर ते सपाट आहे की नाही हे पट्टी आणि फीलर गेज (फटी मोजायची पातळ पाती) लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावे लागते. पाच-दहा शतांशांचा बाक पुरतो दुखणे द्यायला.

तपासणी मात्र साधी असते. रेडिएटरच्या तोंडावर एक निळा द्रव भरलेली नळी ठेवून पाण्यावरची हवा त्यातून ओढतात. त्या हवेत जळणातून आलेला कार्बन डायऑक्साइड असेल, तर निळा रंग पिवळ्याकडे झुकतो. आमचा द्रव निळाच राहिला. मेकॅनिकांना तेवढ्याने समाधान नव्हते, कारण हेड फक्त टर्बोच्या दाबाखाली उचलले जात असेल, तर शांत फिरणाऱ्या इंजिनात ते दिसणारच नाही. म्हणून त्यांनी पाण्याच्या वाटेवर एक दाबमापक बसवून त्याची नळी काचेपर्यंत आणली, आणि आम्ही पूर्ण जोर लावून गाडी पळवली. वायू घुसत असता, तर ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर दाब टुणकन उडाला असता. तो तापमानाच्या मागोमाग संथपणे चढला. गॅस्केट निर्दोष होते. त्या संध्याकाळी मी घरी येताना शीळ घालत होतो, ही गोष्ट १०६ अंशांचा उलगडा झालेला नसताना जरा विचित्रच.

उलगडा दोन आकड्यांनी केला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. रेडिएटरमध्ये पाणी शिरते त्या तोंडाशी एक आणि ते निघते त्या तोंडाशी एक, असे दोन तापमापक मी चिकटवले आणि तारा आत सीटपर्यंत आणल्या. आधी मी लांबून नेम धरून तापमान सांगणारे इन्फ्रारेड यंत्र वापरत होतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ते भलतेच कमी आकडे सांगते; काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरला तरच खरे बोलते, आणि धावत्या गाडीत तर त्याचा उपयोगच नाही. दोन तोंडांच्या तापमानातला फरक काय सांगतो? फरक मोठा असेल, तर पाणी रेडिएटरमध्ये चांगले निवते आहे, पण ते पुरेसे येत नाही: पंपाकडे, प्रवाहाकडे बघा. फरक लहान असेल आणि दोन्ही आकडे वर असतील, तर पाणी भरपूर येते आहे, पण जसे आले तसेच तापलेले परत जाते आहे: हवेकडे बघा. १०० च्या स्थिर वेगाला माझे आकडे होते १०६ आणि १०१. फरक पाच.

म्हणजे हवा. पण नाकासमोरून ताशी १०० किलोमीटरने येणारी हवा कमी कशी पडेल? विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज ३५ पीएस गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हा त्यात हवा जाण्यासाठी ८,०७० बारीक नळ्या होत्या. रेडिएटरची सगळी करामत हवेला अशा शेकडो अरुंद गल्ल्यांतून जायला लावण्यात आहे, आणि हवेला अरुंद गल्ली आवडत नाही. शेजारी मोकळी वाट असेल, तर ती तिकडूनच जाते. मी काढून टाकलेल्या त्या पट्ट्या नेमकी ती शेजारची वाट बंद करत होत्या. आता माझ्या रेडिएटरच्या दोन्ही अंगांना चार-चार बोटांच्या फटी होत्या, पुढे इंटरकूलरचा अडसर होता, आणि समोरून आलेली हवा जाळीशी थबकून फटींतून निसटत होती. इंजिनाखालचा पत्राही नुसता चिखल अडवण्यासाठी नसतो. तो काढला की गाडीच्या पोटाखालची हवा वर इंजिनाच्या खोलीत घुसते, तिथला दाब वाढतो, आणि रेडिएटरच्या पुढचा आणि मागचा दाब यांतला जो फरक हवेला आत ओढतो, तोच कमी होतो.

इंटरकूलरचा आणखी एक हिशेब होता. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या अंतरावर अवलंबून असते. बाहेर ३८ अंश आणि पाणी ९८ अंशांवर असेल, तर अंतर ६० अंशांचे. पण चढावर इंटरकूलर स्वतः तापतो, आणि त्यातून पार झालेली हवा रेडिएटरपाशी ५३ अंशांची होऊन पोहोचली, तर अंतर उरते ४५. रेडिएटरला हातही न लावता त्याची पाव ताकद मी काढून घेतली होती. इंटरकूलर काढून चालणार नव्हते. निदान जी हवा येते ती सगळी रेडिएटरमधूनच जाईल एवढे करता येत होते. पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, कडांना स्पंज चिकटवला, पंख्यांसाठी पूर्ण पाठ झाकणारा श्राउड करून घेतला, खालच्या पत्र्याला तेलाच्या नळीपुरते भोक पाडून तो परत बसवला. या कामात ताकदीचा कुठलाही आकडा वाढत नाही आणि कोणाला दाखवावे असेही त्यात काही नसते. तोच रस्ता, तोच वेग, जवळपास तसेच ऊन: ९८ आणि ८९. फरक पाचाचा नऊ झाला.

घाट मात्र उरला होता. तिथे पाचव्या गिअरमध्ये, मिनिटाला २,००० फेऱ्यांवर, टर्बोच्या जोरावर गाडी न कुरकुरता चढत असे, आणि मला तिचा तोच गुण सर्वांत प्रिय होता. तिथे आकडे आले १०९ आणि ९१. फरक अठरा. रेडिएटर आता आपले काम चोख करत होता, पण त्याच्याकडे पाणीच पुरेसे येत नव्हते.

हे सांगितल्यावर एका परिचितांनी मला उलटाच उपाय सुचवला: पाणी रेडिएटरमधून फार वेगाने जाते, त्याला निवायला वेळच मिळत नाही, प्रवाह कमी करा. ही समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. पण जे पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबेल, ते इंजिनातही तितकेच जास्त वेळ थांबेल आणि तिथे तितकेच जास्त तापेल. वर्तुळात फिरणाऱ्याला एकाच ठिकाणी सावकाश चालता येत नाही.

मी त्याऐवजी त्याच चढावर, वेग तोच ठेवून, तिसरा गिअर टाकला. फेऱ्या ३,४०० वर गेल्या, इंजिन ओरडू लागले, शेजारी बसलेला मित्र दचकला, आणि तीन मिनिटांत आकडे १०१ आणि ९२ वर उतरले. जास्त ओरडणारे इंजिन जास्त थंड! कारण पाण्याचा पंप इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो. चढ तोच, वेग तोच, म्हणजे लागणारी ताकद तीच आणि पाण्यात उतरणारी उष्णता जवळपास तेवढीच. पण पंप आता पावणेदोन पटीच्या आसपास वेगाने फिरत होता. मूळच्या, टर्बो नसलेल्या इंजिनातून तेवढी ताकद हवी असती, तर ते मला तशाच वरच्या फेऱ्यांवर नेऊनच काढावे लागले असते, आणि पंप आपोआप जोरात फिरला असता. टर्बोने ती सक्ती काढून टाकली. त्याने मोठी उष्णता अशा फेऱ्यांवर निर्माण केली, जिथे पंप अजून आळसावलेला असतो. ताकद किती वाढली याचा हिशेब मी मांडला होता. ती कोणत्या फेऱ्यांवर वाढली, याचा नाही.

आणि त्या आळसावलेल्या पंपाला मी स्वतःच आणखी मंद केले होते. ती लहान, हलकी, चकचकीत पुली! तिचा व्यास मूळच्यापेक्षा पाव हिश्शाने कमी होता. बेल्टवरची सगळी यंत्रे पाऊणपट वेगाने फिरतील, इंजिनावरचा भार हलका होईल, फुकटात ताकद मिळेल, या आश्वासनावर मी ती घेतली होती. २,००० फेऱ्यांवर पंप १,५०० फेऱ्यांवर असल्यासारखा फिरत होता. अशा पंपाचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात उतरतो, पण त्याने निर्माण केलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. पाऊणपट वेगाला दाब उरतो जेमतेम ५६ टक्के. (ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर असतो, तिथे हा घोटाळा होत नाही. माझे तेवढे नशीब नव्हते.) फोर्डच्या मॉडेल टी गाडीत बहुतेक काळ पंपच नव्हता, गरम पाणी हलके होऊन वर चढायचे आणि निवलेले खाली उतरायचे, आणि तेवढ्यावर भागायचे, पण ते इंजिन २० अश्वशक्तीचे होते.

पुली हातात धरून बसलो असताना आणखी एक गोष्ट सुचली आणि मी उठून मीटर लावला. अल्टरनेटरही त्याच बेल्टवर होता. इंजिन नुसते फिरत असताना, दोन्ही पंखे आणि दिवे चालू केल्यावर, पंख्याच्या तारांवर १२.१ व्होल्ट मिळत होते. मूळची पुली बसवल्यावर तिथेच १३.६ मिळाले, आणि पंख्यांचा आवाज कानाला कळण्याइतका बदलला. म्हणजे त्या पहिल्या दुपारी एक पंखा उलटा फिरत होता, आणि जो सुलट होता तोही अर्धपोटी होता. दोन महिने ज्या वस्तूवर मी एकदाही संशय घेतला नाही, तिचे नाव दोन्ही दुखण्यांत निघाले. मी ती कागदावरच्या पहिल्या रकान्यात, 'लावलेल्या'मध्ये, सर्वांत आधी लिहिली होती, कारण ती माझी सर्वांत आवडती होती.

मॅपिंगचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे फारसे नाट्य नव्हते. नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप भडकून धक्के देण्याची, भीती म्हणून ते करणाऱ्याने ठिणगी गरजेपेक्षा बरीच उशिरा ठेवली होती. ठिणगी उशिरा पडली की जळणही लांबते, धगधगता वायू एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतो, आणि हेडमध्ये त्या वाटेभोवती पाणीच असते, ते तापते. फार लवकर ठिणगी पाडली तर नॉकिंग होते, आणि नॉकिंग धातूला चिकटून असलेला वायूचा पातळ, शांत थर उधळून लावते, म्हणून उष्णता थेट धातूत शिरते. दोन्हीकडून मार. इंधनाचे प्रमाण ठीक होते, जोराखाली वजनाने हवा ११.८ ला पेट्रोल एक. नॉकिंगची नोंद ठेवत ठिणगी दोन अंश पुढे आणली, आणि घाटात पाण्याचा आकडा दोन-तीन अंशांनी उतरला.

सध्या स्थिती अशी आहे. रांगेत उभी असताना गाडी ९१ ते ९६ मध्ये राहते. मोठ्या रस्त्यावर ९५ ओलांडत नाही. घाटात पाचव्या गिअरमध्ये १००, आणि भर उन्हाळ्यात, चार माणसे घेऊन, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला, तर आकडा दर अर्ध्या मिनिटाला एक अंश चढत राहतो. १०४ ला मी पाय उचलतो. कूलंटमध्ये आता ग्लायकॉल निम्म्याऐवजी तीस टक्के आहे, कारण शुद्ध पाणी उष्णता जास्त वाहते आणि मी राहतो तिथे ते गोठण्याची भीती नाही. गंज रोखणारे द्रव्य मात्र मापाने घातले आहे, नुसत्या पाण्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. जास्त जाडीचा एक रेडिएटर आणून ठेवला आहे. तो बसवला, तर पंखा आणि टर्बोचा पाइप यांच्यात १८ मिलिमीटर कमी पडतात, आणि जाड जाळीतून तितकीच हवा ओढायला या पंख्यांची ताकद पुरेल की नाही, हे अजून मोजायचे आहे. म्हणून तो खोक्यातच आहे. खोक्यावर मी कागद चिकटवला आहे, दोन रकान्यांचा. पहिल्यात एकच ओळ आहे, दुसऱ्यात आतापर्यंत सहा झाल्या.